मदात्ययाचा रुग्ण रुग्णालयात पाठविताना
(वैद्य व औषधालय-चालक यांच्यासाठी अभ्यासलेख)

प्रास्ताविक

मद्याच्या व्यसनात पूर्णपणे अडकलेला मनुष्य सहसा स्वतःहून रुग्णालयात जात नाही. त्याच्या आधी त्याची पत्नी, आई किंवा थोरला भाऊ कोणातरी ओळखीच्या वैद्याची पायरी चढतो. काही जण तर वैद्याकडेही न येता थेट औषधालयाच्या काउंटरवर उभे राहतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "दारू सोडविण्याचे काही औषध आहे का? त्याला न कळता देता येईल असे?" या क्षणी आपण काय उत्तर देतो, यावर पुष्कळदा त्या रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून प्रथम आमचीच एक चूक वाचकांसमोर ठेवतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी ४४ वर्षे वयाचा एक शेतकरी पत्नीसह आमच्या चिकित्सालयात आला. सकाळी उठताच देशी मद्य, दुपारी मद्य, रात्री मद्य, असा दहा वर्षांचा क्रम. कामला नव्हती, उदरात जल नव्हते. रुग्ण त्या दिवशी खरोखरच पश्चात्तापाने भरलेला होता. आम्ही त्यास "आजपासून एक थेंबही नको" असे बजावले, यकृतासाठी व निद्रेसाठी औषधे दिली आणि आठ दिवसांनी बोलाविले. रुग्णाने आमचा शब्द तंतोतंत पाळला आणि त्यामुळेच तो संकटात सापडला. तिसऱ्या रात्री त्यास भिंतीवर किडे दिसू लागले, पत्नीस तो ओळखीना, विहिरीवरची मोटार बंद करावयाची आहे म्हणून अंधारात घराबाहेर पडू लागला. जिल्हा रुग्णालयात नेत असता वाटेतच त्यास आक्षेप आला. सुदैवाने तो वाचला. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आम्हास दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला : "दारू एकदम बंद करायला सांगताना तिच्या जागी तुम्ही काय दिले होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही रुग्णालयांतील व्यसनमुक्ती विभागांत काय चालते हे जाणीवपूर्वक समजून घेतले. रुग्णास तेथे पाठविण्यापूर्वी, तो तेथे असताना आणि तो परत आल्यावर आपले कर्तव्य काय, हे प्रस्तुत लेखात क्रमाने मांडत आहोत. विवेचन मद्यापुरते आहे. अफू, ब्राउन शुगर इत्यादींची चिकित्सा वेगळी असून तिचा येथे केवळ प्रसंगोपात्त उल्लेख आहे.

शास्त्राची दृष्टी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात मदात्ययाचे सविस्तर वर्णन केले आहे. सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राचा ४७ वा अध्याय याच विषयास वाहिलेला आहे. मद्याचे दहा गुण हे ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असून त्यामुळे मद्य हृदयाश्रित ओजास व सत्त्वास क्षुब्ध करते, ही चरकांची मांडणी आपणा सर्वांस परिचित आहे. व्यसनाकडे केवळ दुर्वर्तन म्हणून न पाहता व्याधी म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेत आधीपासून आहे.

येथे दोन मुद्दे विशेष मननीय आहेत. पहिला असा की, सवयीच्या झालेल्या अहितकर गोष्टी एकदम न सोडता क्रमाक्रमाने सोडाव्यात, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात सांगितले आहे. सात्म्य झालेले द्रव्य एकाएकी काढून घेतले असता शरीर प्रकुपित होते, हे त्यामागचे तत्त्व. आम्ही त्या शेतकऱ्याच्या बाबतीत हेच तत्त्व विसरलो होतो. दुसरा मुद्दा असा की, मध्यंतरी मद्य सोडलेला मनुष्य पुन्हा एकाएकी अतिमद्यपान करू लागल्यास त्यास ध्वंसक व विक्षय असे दोन कष्टसाध्य विकार होतात, असेही चरकांनी नोंदविले आहे. व्यसन सुटल्यानंतरचा काळही धोक्याचा असतो, याची जाणीव त्यांना होती.

मात्र क्रमाक्रमाने सोडण्याच्या या नियमाचा अर्थ घरच्या घरी रोज एकेक पेला कमी करीत नेणे, असा घेऊ नये. तीव्र व्यसनी मनुष्याच्या हाती मद्याची बाटली ठेवून मात्रा कमी होईल, ही अपेक्षा व्यर्थ होय. रुग्णालयात मद्य पूर्णपणे बंद करतात. परंतु मेंदूवर मद्यासारखाच शामक परिणाम करणारे औषध त्याच्या जागी योग्य मात्रेत सुरू करून तेच दिवसागणिक उतरवीत नेतात. तत्त्व तेच, साधन अधिक सुरक्षित.

मद्य एकदम थांबल्यावर काय होते?

दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत मद्य घेणाऱ्याचा मेंदू मद्याच्या शामक प्रभावाशी जुळवून घेतो. मद्य थांबताच हा प्रतिकार उघडा पडतो आणि सर्व शरीर उत्तेजित होते. याचे स्थूल वेळापत्रक प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावे. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हातांस कंप, स्वेद, उत्क्लेश, अनिद्रा व बेचैनी सुरू होते. आक्षेप येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांत कंपोन्माद, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, प्रकट होतो. त्यात स्थलकालाचे भान जाते, नसलेल्या वस्तू दिसतात, ज्वर व नाडीची गती वाढते. वेळीच चिकित्सा न झाल्यास ही अवस्था मारक ठरू शकते.

म्हणूनच "तिसऱ्या दिवशी भुताने झपाटले" अशी हकीकत घेऊन कोणी आले, तर दारू कधी थांबली हे प्रथम विचारावे. असा रुग्ण अंगारा-धुपाऱ्यात किंवा आपल्या चूर्ण-वटीच्या प्रयोगात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात न्यावयाचा असतो.

कोणास दाखल करावे?

मद्य घेणाऱ्या प्रत्येकास रुग्णालयाची आवश्यकता नसते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मद्यपान हानिकारक पातळीवर गेले आहे परंतु परावलंबन जडलेले नाही, अशा पुरुषांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी केलेल्या थोडक्या बैठकांचाही अशा रुग्णांस लाभ झाला, असे त्यात दिसून आले. प्रारंभीच्या अवस्थेत वैद्याचा स्पष्ट व सहानुभूतीचा शब्द मोलाचा असतो.

रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे जाणण्यासाठी 'केज' नावाची चार प्रश्नांची सोपी कसोटी वापरता येते. दारू कमी करावी असे कधी वाटले का? लोक दारूवरून बोलले म्हणून राग आला का? पिण्याबद्दल अपराधी वाटले का? सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर करण्यासाठी प्यावी लागली का? दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास सखोल तपासणीची गरज असते. आमच्या अनुभवात चौथ्या प्रश्नाचे 'होय' हे सर्वांत गंभीर होय.

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर घरी दारू सोडविण्याचा प्रयोग करू नये :

– पूर्वी दारू थांबविताना आक्षेप किंवा भ्रम झालेला असणे.
– सकाळच्या मद्याशिवाय कंप न थांबणे.
– कामला, जलोदर, रक्तवमन, अनियंत्रित मधुमेह किंवा हृद्रोग असणे.
– गर्भावस्था असणे.
– आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न असणे.
– मद्याबरोबर झोपेच्या गोळ्या अथवा अन्य मादक द्रव्ये चालू असणे.
– घरी काळजी घेणारे विश्वासू माणूस नसणे.

पाठविण्यापूर्वीची तयारी

रुग्ण दाखल होण्यास तयार झाला, तरी त्याच्या मनात भीती असते. कोंडून ठेवतील, मारतील, शॉक देतील, वेड्यांमध्ये ठेवतील, नोकरी जाईल, अशा कल्पना त्यास बोचत असतात. या भीतीचे निराकरण आपण दहा मिनिटांत करू शकतो. आम्ही रुग्णास सरळ सांगतो, "पहिले चार-पाच दिवस त्रासाचे असतील. तो त्रास कमी करण्यासाठीच तेथे औषध आहे. रात्री बारा वाजताही पाहणारे माणूस आहे, जे आमच्या चिकित्सालयात नाही."

दाखल होईपर्यंत मध्ये एक-दोन दिवस जात असतील, तर "तोवर बंद ठेवा" असे मुळीच सांगू नये. शक्यतो त्याच दिवशी पाठवावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये व जिल्हा रुग्णालये येथे मानसरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात प्रथम केसपेपर काढावा लागतो. ठिकाण ठाऊक नसल्यास केंद्र शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि २०२२ साली सुरू झालेली 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ यांवर मार्गदर्शन मिळते.

वैद्याने सोबत एक चिठ्ठी अवश्य द्यावी. तीत शेवटचे मद्यपान केव्हा व किती, पूर्वीचे आक्षेप, इतर व्याधी आणि आपण दिलेल्या सर्व औषधांची नावे लिहावीत. रसकल्प, भल्लातक, सर्पगंधा, अहिफेन किंवा भंगायुक्त कल्प दिले असल्यास ते लपवू नये. चिठ्ठीत नमूद नसलेले औषध तेथील चिकित्सकास अंधारात ठेवते.

पहिला दिवस

दाखल होताना रुग्णाचा इतिहास दोनदा घेतला जातो : एकदा त्याच्याकडून व एकदा नातेवाइकांकडून. दोहोंत तफावत असतेच. त्यावरून भांडण होऊ नये, म्हणून नातेवाइकांस आधीच कल्पना द्यावी. नंतर रक्तदाब, रक्तशर्करा, यकृताच्या व वृक्काच्या तपासण्या, क्षार, रक्तगणना आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी होते. सामानाची तपासणी होते. खिशातील तंबाखूची पुडी, खोकल्याच्या औषधाची बाटली, अत्तर, दाढीनंतरचे लोशनसुद्धा काढून घेतले जाते. यात अपमान मानू नये. मद्यार्क असलेली कोणतीही वस्तू त्या दिवसांत धोक्याची असते. पुष्कळ ठिकाणी भ्रमणध्वनीही काही दिवस जमा करून घेतात.

संमतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. प्रौढ रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होतो, तेव्हा त्याच्या संमतीने चिकित्सा होते आणि त्यास सुटी मागण्याचाही अधिकार असतो. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल व धोका गंभीर असेल, तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. घरच्यांनी गाडीत कोंबून आणले, एवढ्यावर कोणास डांबून ठेवता येत नाही. जे केंद्र नोंदणी न दाखविता "आणून सोडा, आम्ही पाहतो" असे सांगते, तेथे रुग्णास पाठवू नये.

याच अधिनियमात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आयुर्वेद तज्ज्ञांचाही समावेश आहे, ही आपल्या व्यवसायबंधूंनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी गोष्ट होय. आमच्यासारख्या केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरांचा त्यात समावेश नाही. आपली मर्यादा कायद्यानेही रेखलेली आहे.

पहिला आठवडा : विषशमन

या टप्प्यास तेथे 'डिटॉक्स' म्हणतात. आपण त्यास शोधन समजण्याची चूक करू नये. या अवस्थेत वमन-विरेचनासारखे शोधन कधीही योजू नये. रुग्ण आधीच क्षीण, द्रवधातूंनी हीन व आक्षेपप्रवण असतो. या टप्प्याचे स्वरूप शमनाचेच आहे.

क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि यकृत बिघडलेले असल्यास बहुधा लोराझेपाम, अशी औषधे लक्षणांच्या तीव्रतेनुसार देऊन साधारणतः ५ ते १० दिवसांत उतरवीत बंद करतात. कंप, स्वेद, उत्क्लेश, अस्वस्थता, भास इत्यादी १० बाबींना गुण देऊन तीव्रता मोजण्याची एक पट्टी वापरतात. त्यामुळे परिचारिका काही तासांनी येऊन "हात पुढे करा, बोटे पसरा" असे सांगत असते. रुग्ण कंटाळतो, परंतु औषधाची मात्रा याच मोजणीवर ठरते.

दुसरे महत्त्वाचे औषध म्हणजे थायमिन, अर्थात जीवनसत्त्व ब-१. दीर्घकालीन मद्यपीच्या शरीरात याची मोठी कमतरता असते. तिच्यामुळे नेत्रगतीतील विकृती, चालताना तोल जाणे व बुद्धिभ्रम अशी वर्निके नावाची अवस्था येते. तिची उपेक्षा झाल्यास स्मृती कायमची नष्ट होऊ शकते. अशा रुग्णास थायमिन न देता केवळ ग्लुकोज चढविल्यास ही अवस्था बळावण्याची भीती असते. गावोगावी "दारू उतरविण्यासाठी सलाईन" लावण्याची जी प्रथा आहे, तिच्यातील धोका यावरून ध्यानात यावा.

या आठवड्यात रुग्ण चिडतो, रडतो, "मला घरी न्या, आता मी बरा आहे" असे म्हणतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कंप थांबला की कुटुंबीयांनाही तसेच वाटू लागते आणि पुष्कळजण येथेच सुटी घेतात. शरीरातून मद्य गेले, परंतु मनातील ओढ तशीच आहे, अशी ही अवस्था असते. येथून घरी नेलेला रुग्ण त्याच आठवड्यात पुन्हा पिताना आम्ही अनेकदा पाहिला आहे. म्हणून पाठवितानाच नातेवाइकांस बजावावे की, पहिला आठवडा ही चिकित्सेची केवळ प्रस्तावना आहे.

दुसरा टप्पा : मनाची चिकित्सा

चरकांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. व्यसनमुक्ती विभागातील दुसरा टप्पा म्हणजे याचेच सुसंघटित रूप होय, असे आमचे मत आहे. सकाळी व्यायाम किंवा योगासने, नंतर व्यक्तिगत समुपदेशन, गटचर्चा, दुपारी व्यसनाच्या परिणामांविषयी माहिती, असा ठरलेला दिनक्रम असतो. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या भावनेत ओढ निर्माण होते, याची रुग्णाकडून यादी करून घेतात. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, पत्नीशी भांडण, रिकामी संध्याकाळ असे प्रत्येकाचे प्रसंग निराळे असतात. त्या प्रत्येक प्रसंगी काय करावयाचे, हे आधीच ठरविले जाते.

रुग्णालयातील मुक्काम काही ठिकाणी दोन आठवड्यांचा, काही ठिकाणी चार आठवड्यांचा असतो. ज्यांना अधिक काळ निवासी वातावरणाची गरज आहे, त्यांना पुढे व्यसनमुक्ती केंद्रात पाठवितात. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे महाराष्ट्रात या मार्गाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही अनेक शहरांत मराठीत होतात. तेथे फी नसते, वर्गणीची सक्ती नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते.

कुटुंबाचा सहभाग हा या टप्प्याचा अविभाज्य भाग होय. पत्नीस स्वतंत्रपणे बोलाविले जाते. तिची वर्षानुवर्षांची भीती, कर्ज, मुलांची शाळा, मारहाण हे सर्व तेथे प्रथमच कोणीतरी ऐकून घेते. आमच्याकडे आलेल्या एका भगिनीने सांगितले, "औषध त्यांना चालू होतं, पण झोप मला पहिल्यांदा त्या वॉर्डात लागली."

घरी परतल्यानंतरची औषधे

सुटी होताना पुढीलपैकी एखादे औषध चालू असू शकते. नॅलट्रेक्सोन व ॲकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करण्यासाठी, काही वेळा बॅक्लोफेन, आणि डायसल्फिराम. यांतील डायसल्फिरामचे ज्ञान आपणास अत्यावश्यक आहे. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी मद्यव्यसनावर त्याचा उपयोग पुढे आणला. हे औषध मद्याच्या पचनातील ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साचू देते. त्यामुळे ते घेतलेल्या मनुष्याने मद्य घेतल्यास मुख लाल होणे, तीव्र शिरःशूल, छर्दी, हृद्द्रव, रक्तदाब उतरणे ही लक्षणे होतात. क्वचित प्राणहानीही होते. औषध थांबविल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ते रुग्णास पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते.

औषधालय-चालकांसाठी विशेष सूचना

येथे आमची दुसरी चूक सांगणे प्राप्त आहे. व्यसनमुक्त होऊन आलेला एक तरुण मलावरोधाची तक्रार घेऊन आमच्या औषधालयात आला. काउंटरवरील सहायकाने नेहमीच्या सवयीने अभयारिष्टाची बाटली दिली. रुग्णालयाचे कार्ड पाहण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. पहिल्या मात्रेनंतर अर्ध्या तासात त्याचे मुख लाल झाले, छातीत धडधड सुरू झाली, घरचे घाबरून धावत आले. त्यास डायसल्फिराम चालू होते. काही तासांत तो सावरला, परंतु त्या दिवसापासून आम्ही काउंटरवर एक पाटी लावली आहे : "दारू सोडण्याचे औषध चालू असल्यास आधी सांगा."

आसवारिष्टांत संधानाने उत्पन्न झालेला मद्यार्क असतो; सामान्यतः त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के असते. दिवसातून दोनदा २० मिली घेतल्यास १० टक्क्यांच्या हिशेबाने ४ मिली शुद्ध मद्यार्क पोटात जातो. निरोगी मनुष्यास तो नगण्य आहे. डायसल्फिराम घेणाऱ्यास तो त्रासदायक ठरू शकतो आणि नुकत्याच व्यसनमुक्त झालेल्यास तो वास व ती चव पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकते. मृतसंजीवनी सुरेसारख्या कल्पांविषयी तर अधिक सांगणे नलगे. विशेष म्हणजे भैषज्यरत्नावलीच्या मदात्ययाधिकारात येणारे श्रीखंडासव हे स्वतःच आसव आहे. व्याधी पाहून ग्रंथातील कल्प उचलणारा वैद्य येथेच फसतो. त्यामुळे अशा रुग्णास क्वाथ, चूर्ण, वटी, अवलेह वा घृत या स्वरूपात औषध द्यावे. होमिओपॅथीचे मूलार्क व मद्यार्कयुक्त खोकल्याची औषधे यांबाबतही हीच सावधानता हवी.

आणखी काही नियम आम्ही आमच्या औषधालयात पाळतो :

१. "न कळता द्यावयाचे" कोणतेही औषध विकत नाही. भाजीत डायसल्फिराम मिसळल्याने अजाणता मद्य घेणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. घटकद्रव्ये न लिहिलेल्या "दारूमुक्ती" चूर्णांस दुकानात जागा देत नाही.

२. अहिफेन व भंगायुक्त कल्प, उदाहरणार्थ कामिनीविद्रावण रस, वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. दारू सोडून अशा गोळ्यांच्या आहारी गेलेले रुग्ण आढळतात. नॅलट्रेक्सोन अफूच्या क्रियेस रोखते. अफूची सवय लपवून ते घेतल्यास तीव्र त्रास सुरू होतो.

३. निद्रेसाठी सर्पगंधा स्वतःहून देत नाही. ती रक्तदाब उतरविते व विषाद वाढवू शकते. रुग्णालयाच्या शामक गोळ्या चालू असताना तगर, जटामांसी यांसारखी निद्राजनक द्रव्येही तेथील चिकित्सकास विचारूनच द्यावीत.

४. रुग्णालयाची जुनी चिठ्ठी दाखवून झोपेच्या गोळ्या पुन्हा मागणाऱ्यास परत त्याच विभागात पाठवितो.

मग वैद्याचे कार्य कोणते?

वरील वाचून कोणास वाटेल की वैद्यास करण्यासारखे काही उरलेच नाही. वस्तुस्थिती याउलट आहे. रुग्णालयाचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो. वैद्याचा व रुग्णाच्या कुटुंबाचा संबंध पिढ्यांचा असतो. सुटीनंतरचे पहिले वर्ष आपल्या हाती असते.

या काळात अग्निमांद्य, मलावरोध, अनिद्रा, पाददाह, दौर्बल्य या तक्रारी राहतात. येथे आपल्या शास्त्राचे खरे सामर्थ्य आहे. खजूर, डाळिंब, द्राक्षा, चिंच, आमलकी, परूषक इत्यादी द्रव्यांचा खर्जूरादि मंथ मद्यविकारांसाठी शार्ङ्गधरांनी सांगितला आहे. एक पल द्रव्यास चार पल थंड पाणी घेऊन तो ताजा घुसळून करावयाचा असतो. संधान न होता तो तत्काळ घेतला जातो, म्हणून या रुग्णांस तो निर्धोक पडतो. मधुमेह असल्यास मात्र देऊ नये. मुगाचे यूष, गोदुग्ध, तूप-भात, वेळेवर जेवण, पादाभ्यंग, रात्री ठरावीक वेळी निद्रा, असा साधा पथ्यक्रम पाळला तरी महिन्याभरात चेहरा बदलतो. सायंकाळी सहा ते आठ ही वेळ रिकामी राहू नये, याकडे विशेष लक्ष द्यावे. यकृताच्या तपासण्या रुग्णालयाच्या सांगण्यानुसार होत आहेत की नाही हेही पाहावे. कारण डायसल्फिराम व नॅलट्रेक्सोन यांचा यकृतावर ताण येऊ शकतो.

रुग्ण पुन्हा प्याला तर? असे घडते, आणि ते घडल्यावर त्यास हाकलून देणारा वैद्य त्याचा शेवटचा आधार तोडतो. मधुमेही पथ्य मोडतो तेव्हा आपण त्याची चिकित्सा सोडत नाही. येथेही तोच न्याय. मात्र काही महिन्यांच्या विरामानंतर एकाएकी घेतलेले अतिमद्य शरीरास सोसत नाही, हे ध्वंसक-विक्षयाच्या वर्णनातून लक्षात घेऊन विनाविलंब पुन्हा पाठवावे.

समारोप

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केंद्र शासनासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावर परावलंबी झालेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीस काही तरी चिकित्सा मिळते. रुग्णालयात दाखल होऊन चिकित्सा घेणारी व्यक्ती तर १८० मध्ये एक. उरलेले सर्व कोठे जातात? त्यांपैकी कित्येकांचे नातेवाईक आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात येऊन गेलेले असतात, असे आम्हास वाटते.

गुल्म पक्व झाला की तेथे धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यवैद्यांचा अधिकार आहे, असे चरकांसारख्या कायचिकित्सेच्या आचार्यांनी निःसंकोच लिहिले. रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपविण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कंप पावणाऱ्या हाताचा रुग्ण समोर बसला असता आपणही एवढेच करावयाचे आहे : शेवटचा पेला केव्हा घेतला हे विचारणे, चिठ्ठी लिहिणे, त्याच दिवशी सोबत माणूस देऊन पाठविणे, आणि तो परत येईल तेव्हा त्यास ओळख देणे.

तो शेतकरी आज ५६ वर्षांचा आहे. दोनदा घसरला, दोनदा पुन्हा दाखल झाला. गेली सात वर्षे मद्यापासून दूर आहे. मागील महिन्यात तो आपल्या पुतण्याला घेऊन आमच्याकडे आला आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच म्हणाला, "वैद्यराज, याला काल रात्रीपासून मिळालेली नाही. चिठ्ठी लवकर लिहा."